हलक्या धक्क्याचं काडतूस

बाबांचा उजवा खांदा मोडला त्या वर्षी मला नाशिकच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं. शिक्षिका व्हायचं, हे मी मॅट्रिकपासून ठरवून ठेवलेलं. जागा मिळाल्यातच जमा होती, मामेबहीण तिथेच राहत होती, आईने माझ्यासाठी वळकटीसुद्धा शिवायला टाकली होती. बाबा कारखान्याच्या जिन्यावरून पाय घसरून पडले आणि सगळं तिथेच थांबलं.

आम्ही मुलुंडला राहायचो, डोंगराच्या बाजूला. बाबा एका लहानशा कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकाशी बसायचं आणि उशिरा आलेल्याला आत घ्यायचं की माघारी धाडायचं ते बघायचं, असं त्यांचं काम. कामगार त्यांच्यावर खार खायचे आणि साहेब लोक त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पण थंडी पडली की बाबांचं रूप पालटायचं. त्यांच्याकडे कोकणातल्या मामाकडून आलेली बारा बोअरची जोडनळी बंदूक होती आणि नेम असा, की डोंगरापलीकडच्या खाणीचे मालक आणि मालाडचे एक मोठे डॉक्टर त्यांना सोडून शिकारीला जायचे नाहीत. शिकारीवर अजून बंदी आली नव्हती. जंगलखात्याकडून परवाना काढला की ठरलेल्या रानात ठरलेलं जनावर मारता यायचं. गाडी खाणवाल्यांची, खर्च डॉक्टरांचा आणि नेम बाबांचा. जीपमध्ये पुढची सीट बाबांना मिळायची. दोघंही त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचे. वर्षभर त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं, त्यामुळे ही हाक त्यांना किती मोलाची वाटत असेल ते मला फार उशिरा कळलं.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टरांनीच तपासून सांगितलं, की या खांद्यावर बंदुकीचा धक्का बसला तर पुन्हा मोडेल. दोन-तीन रविवार बाबा खिडकीत बसून डोंगराकडे बघत राहिले. मग एका सकाळी मला म्हणाले, “तुझी नजर चांगली आहे. जत्रेत फुगे तूच फोडायचीस.”

“फुगे फोडणं वेगळं, बाबा.”

“शिकवीन की मी.”

“मला नाशिकला जायचंय.”

“जा ना. कोण नको म्हणतंय? एवढा एक सीझन होऊ दे. पुढच्या जूनला जा.”

मी आईकडे बघितलं. आई तांदूळ निवडत होती. तिला बंदूक घरात असणंच पसंत नव्हतं, तेव्हा ती माझी सुटका करील असं मला वाटलं. ती मालवणीत बाबांना एवढंच म्हणाली, “तिच्या खांद्यार डाग इलो, तर बघूक येतले तेंका काय सांगू? बंदुकीन लाथ मारल्यान म्हणान सांगू?” माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं, ते तिच्या डोक्यात.

“डाग पडू देणार नाही,” बाबा म्हणाले. “हलकं काडतूस शोधतो.”

अशा तऱ्हेने दोघांचं जमलं. माझं मत कोणी विचारलं नाही, आणि मीही ते जोरात सांगितलं नाही. बाबांचा हात गळ्यात बांधलेला, त्यांना शर्टाची बटणं मी लावून द्यायची. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? परवान्यावर माझंही नाव चढलं. शेजाऱ्यांना मोठं कौतुक. मला मात्र कोणीतरी मोजमाप न घेता शिवलेला कपडा अंगात घालून मागून बटणं लावतंय, असं वाटत होतं.

मग दर रविवारी सकाळी खाणीत जायचं सुरू झालं. खाणवाल्यांनी जुनी बंद पडलेली खाण आम्हाला दिली होती. तिन्ही बाजूंनी काळा उभा कडा, आत यायला ट्रकची एकच वाट. त्या कड्यापुढे बाबा पुठ्ठा उभा करायचे, त्यावर कोळशाने वर्तुळ काढायचे आणि माझ्या मागे येऊन उभे राहायचे.

बाबांची एक गोष्ट मानायला हवी, त्यांनी मला नुसतं चाप ओढायला शिकवलं नाही. हरणासाठी काय चालतं आणि काय चालत नाही, ते नीट समजावलं. या बंदुकीत सहसा छऱ्याचं काडतूस घालतात, एका बारात पुष्कळ छर्रे सुटतात. पक्ष्याला ते ठीक. मोठ्या छऱ्याचंही काडतूस येतं, पुष्कळ लोक हरणावर तेच मारतात, पण बाबांना ते खपायचं नाही. “चार छर्रे पोटात जातात, दोन पायात,” ते म्हणायचे. “जनावर पळतं आणि कुठेतरी जाळीत तळमळत मरतं. आपल्याला ते करायचं नाही.” त्यांना हवी होती एकच मोठी शिशाची गोळी, जिथे बघितलं तिथेच बसणारी. पण अशा गोळीचं काडतूस बहुतेक दणकट असतं. बंदूक दस्त्याकडून, म्हणजे मागच्या लाकडी भागाकडून, खांद्यावर आदळते.

पहिलं काडतूस विलायती होतं, बाबांनी बरीच वर्षं जपून ठेवलेलं. मी बार काढला आणि दोन पावलं मागे गेले. गोळी वर्तुळात बरोबर बसली होती, बाबा पुठ्ठ्याजवळ जाऊन त्या भोकात बोट घालून बघत होते. माझ्या खांद्यापासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. दुसऱ्या बाराच्या वेळी मी आधीच डोळे मिटले. गोळी कड्यावर गेली, दगडाच्या कपच्या उडाल्या.

घरी आईने ब्लाउज बाजूला करून बघितलं. खांद्याच्या खाली पिकल्या जांभळासारखा डाग पडला होता. तिने हळद लावली आणि बाबांशी दिवसभर बोलली नाही.

मला तो डाग पाहून खरं तर बरं वाटलं होतं. मला वाटलं, असं काडतूस मिळणारच नाही. जे नेमाला चांगलं ते खांदा फोडणार, जे मऊ ते नेमाला वाईट. बाबा थकतील आणि मी नाशिकला जाईन. पुढचे रविवार मी या आशेवर काढले.

काही दिवस तसंच घडत गेलं. फोर्टातल्या दुकानातून त्यांनी जुन्या साठ्यातली काडतुसं आणली. धक्का अगदी कमी. पण बहुतेक दारू सर्दावली होती, कारण आवाजही फुसका आला आणि गोळी पुठ्ठ्याच्या खाली मातीत रुतली. बाबांनी उरलेली बाजूला ठेवली. मग देशी काडतुसं झाली. त्यातलं एक वर जायचं, एक डावीकडे. “हलकं आहे, पण भरवशाचं नाही,” बाबा म्हणाले. मी मान खाली घालून हो म्हणाले, म्हणजे तोंडावरचा आनंद दिसू नये.

पण बाबा थकणारे नव्हते. फाटकावर बसून उगाच कोणावर तरी खेकसणारा माणूस इथे वेगळाच दिसायचा. माझी मान कुठे झुकते, गाल दस्त्याला कुठे टेकतो, श्वास कधी धरते, सगळं त्यांच्या ध्यानात यायचं. त्यांनी चांभाराकडून दस्त्याच्या टोकाला रबर बसवून घेतलं. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा म्हणाले, “दस्ता तुझ्या हाताला लांब पडतोय, म्हणून बंदूक बरोबर बसत नाही आणि लागते.” पुढच्या रविवारी बंदूक आली ती दस्ता कापून. ओळखीच्या सुताराकडून त्यांनी तो माझ्या मापाचा करून घेतला होता.

मी बंदूक खांद्याला लावली. ती अगदी नीट बसली. बाबांनी डाव्या हाताने घेऊन आपल्याला लावून बघितली, त्यांना ती खेळण्यासारखी तोकडी झाली होती.

“आता ही तुझीच,” ते म्हणाले.

बंदूक परत त्यांची होणार नव्हती, म्हणजे मीही सुटणार नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी कोणाकडून तरी परदेशी काडतुसांचं एक लहान खोकं मिळवलं. ही काडतुसं नेहमीपेक्षा आखूड होती, आत दारू बेताची. गोळी गोल नव्हती, पुढे शिशाचं जड टोक, अंगावर तिरप्या कडा आणि मागे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती स्क्रूने बसवलेली. बाबांनी ती हातात फिरवून फिरवून बघितली. “पुढे वजन, मागे शेपूट. सरळ जाणार ही,” म्हणाले. डाव्या नळीचं तोंड आवळलेलं असतं, म्हणून त्यांनी उजव्या मोकळ्या नळीतूनच मारायला लावली.

मी बार काढला. खांद्याला कोणीतरी तळहाताने ढकलावं, तेवढाच धक्का लागला. पुन्हा मारला. पुन्हा. मग बाबा पुठ्ठ्याकडे गेले आणि तिथेच उभे राहिले. तिन्ही भोकं बाबांच्या एका तळव्याखाली झाकली जात होती. ते वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण कारण वेगळं होतं. तीन बाजूंना कडा होता आणि बाहेरची वाट बाबांबरोबरच चालायची होती.

घरी आईने खांदा बघितला. डाग नव्हता. “बरा झाला,” ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली. माझ्याकडे आता सांगायला काहीच कारण उरलं नव्हतं.

थंडीत आम्ही शहापूरकडच्या रानात गेलो. जीपमध्ये पुढच्या सीटवर बाबा, मागे मी, खाणवाले आणि डॉक्टर. मी एकटीच बाई. जंगलखात्याच्या बंगल्यावर मला वेगळी खोली होती, तिच्या खिडकीला गज. सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते. “उस्तादांची लेक” म्हणून माझ्या पानात आधी वाढायचे. मला त्या चांगुलपणाचं ओझं झालं होतं.

हाका सकाळी व्हायचा. गावातले ठाकर रानाच्या वरच्या अंगाने ओरडत, डबे वाजवत यायचे आणि जनावर खाली बंदुकांकडे उतरायचं. कोणी कुठे बसायचं ते बाबा ठरवायचे. माझी जागा ओढ्याच्या काठाला, काट्याकुट्यांच्या आडोशाआड. आत जेमतेम दोघांना बसता यायचं. बाबा माझ्या मागे चिकटून बसले होते, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. हलायचं नाही, खोकायचं नाही, मान वळवायची नाही.

पहिल्या दिवशी चितळाचा नर आला. ओढ्यात उतरण्याआधी तो थांबला आणि बाबा कुजबुजले, “खांद्याच्या मागे.” मी चाप ओढला. धक्का जवळजवळ जाणवलाच नाही. चितळ गुडघ्यावर बसलं आणि आडवं झालं, उठलंच नाही. मला आत्तापर्यंत वाटायचं, की एवढं मोठं काही केलं तर आपल्यालाही कुठेतरी लागेल. काहीच लागलं नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

जेवताना डॉक्टर म्हणाले, “उस्ताद, आता दरवर्षी हिला आणायचं.”

“आता तीच,” बाबा म्हणाले.

“जूनला मी नाशिकला जाणार आहे,” मी म्हणाले.

“नाशिकहून काय, गाडी पाठवू आपण,” खाणवाले म्हणाले आणि सगळे हसले. बाबा हसले नाहीत, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला त्या क्षणी समजलं, की जून येईल तेव्हा आणखी एखादं कारण असेल.

दुसऱ्या दिवशी जागा बदलली. बाबांनी मला चढाच्या पायथ्याशी बसवलं. समोर कारवीचं दाट रान, त्यातून एक पायवाट उतरत होती. हाका सुरू झाला. आवाज जवळ आला, आणि कारवीतून सांबर बाहेर आलं. एवढं मोठं जनावर मी कधी बघितलं नव्हतं. शिंगं मागे टाकून ते पायवाटेवर आडवं उभं राहिलं. माझा गाल दस्त्यावर, बोट चापावर. नळीच्या टोकाची नेम धरायची माशी त्याच्या खांद्यामागे बरोबर टेकली.

तेवढ्यात त्याच्या पाठीच्या वर, कारवीत, काहीतरी पांढरं हललं.

“मार,” बाबा कुजबुजले.

ते पांढरं पुन्हा हललं. फेटा असावा किंवा नुसता उन्हाचा कवडसा. छर्रे थोड्या अंतरावर दम सोडतात, पण ही गोळी पानापाचोळ्यातून पार जाते, मागे काय आहे ते बघितल्याशिवाय मारायची नाही, हे बाबांनीच खाणीत मला दर रविवारी सांगितलं होतं.

“मार ना गं.”

मी बोट काढलं आणि नळी खाली केली. सांबराने मान वळवली आणि दोन उड्यांत ओढ्यापार गेलं. बाबांनी माझा दंड घट्ट धरला होता, तो सोडला. मग कारवी बाजूला सारत एक म्हातारा ठाकर बाहेर आला. हाक्याची रांग सोडून तो पुढे उतरला होता. सांबर जिथे उभं होतं, बरोबर त्याच्या मागे तो होता. त्याने आमच्याकडे बघितलं, बंदुकीकडे बघितलं आणि फेटा काढून तोंड पुसलं.

बाबांनी त्याला पाहिलं. मी मान वळवून बाबांकडे बघितलं, म्हणून मला ठाऊक आहे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

खाणवाले आणि डॉक्टर दुसऱ्या अंगाने धावत आले. “अहो, समोर उभं होतं,” खाणवाले म्हणाले. “आम्हाला वरून दिसत होतं. बार का नाही झाला?”

मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मग हसून म्हणाले, “हात थरथरला तिचा. पोरच आहे शेवटी.”

“मागे माणूस होता,” मी म्हणाले.

“असं होय,” डॉक्टर म्हणाले. “पहिलं मोठं जनावर बघितलं की सगळ्यांना मागे कोणीतरी दिसतं.”

“व्हतो मी तिथं, सायेब,” तो म्हातारा म्हणाला.

“तू काय, सगळीकडेच असतोस,” खाणवाले म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले. बाबाही हसले. बसायची जागा त्यांनी निवडली होती. हाका वरून सरळ आमच्या नळीसमोर उतरणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते कबूल केलं असतं तर उस्ताद चुकले असं झालं असतं. मी घाबरले म्हटलं की कोणाचंच काही बिघडत नव्हतं, माझं सोडून.

बंगल्यावर आल्यावर मी बंदूक मधून उघडून काडतूस काढलं आणि दोन्ही वस्तू बाबांसमोर ठेवल्या. डॉक्टर आणि खाणवाले बाहेर चहा घेत होते.

“मी आता बंदूक धरणार नाही.”

“राग आला तुला?”

“तुम्ही त्याला बघितलं होतं.”

बाबांनी काडतूस उचलून खिशात टाकलं.

“बघितलं होतं ना?”

“हो.”

“मग तसं म्हणाला का नाहीत?”

त्यांनी बंदुकीच्या दस्त्यावरून बोट फिरवलं. “तुला पुढे शाळा आहे, घर आहे. मला हे दोघं वर्षातून एकदा उस्ताद म्हणतात,” ते म्हणाले. “तू नाही धरलीस, तर माझं काय गं? दस्ता कापून टाकलाय मी.”

“मी कापायला सांगितलं नव्हतं,” मी म्हणाले.

मी ते परत घेतलं नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना सरळ काही बोलले होते. बाबांकडे बघून वाईट वाटत होतं, अगदी आतून वाईट वाटत होतं, तरीही मी परत हात पुढे केला नाही. तिसऱ्या दिवशी हाका झाला तेव्हा मी गजांच्या खिडकीशी बसून राहिले. परतीच्या प्रवासात जीपमध्ये डॉक्टर आणि खाणवाल्यांच्या मधे मी अंग चोरून बसले होते, पुढे बाबांची मान दिसत होती, आणि रस्ता संपतच नव्हता.

घरी बरेच दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलत. शर्टाची बटणं ते आता एका हाताने लावायला शिकले. आईला काय झालं ते कोणी सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही. फक्त एकदा मला म्हणाली, “तू ऐकलंस नाय, ता बरा केलंस.” एवढंच. उन्हाळा सरत आला तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. पण एका सकाळी कामाला निघताना दारात चपला घालता घालता बाबांनी विचारलं, “वळकटी तयार आहे ना तुझी?” आणि उत्तर न ऐकताच जिना उतरून गेले.

मी नाशिकला गेले. ट्रेनिंग पुरं करून बोरिवलीच्या एका शाळेत लागले. बाबा पुढचे काही हिवाळे त्यांच्याबरोबर गेले, बंदूक न घेता. स्वयंपाकाचं बघायचे, हाक्याची जागा दाखवायचे. पुढची सीट दुसऱ्या कोणाला मिळू लागली. मग शिकारीवर कायद्याने बंदी आली आणि ते जाणंही थांबलं. बाबांनी बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन दिली. मी बरोबर येऊ का, विचारलं, तर नको म्हणाले. परत येऊन त्यांनी नेहमीसारखी भाजी निवडायला घेतली.

आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही. एकदा मात्र मी माहेरी आले होते, बाबा निवृत्त झाले होते. बाहेरच्या खोलीत एक शेजारी येऊन बसले होते आणि जुन्या शिकारीच्या गोष्टी चालल्या होत्या. मी आत चहा करत होते. बाबा म्हणत होते, “माझ्या लेकीने एकदा सांबर सोडलं. मागे एक ठाकर उभा होता. जागा मी चुकीची धरली होती, मला तो बाहेर येईपर्यंत दिसलाच नाही. मी तिला मार मार म्हणत होतो.” शेजाऱ्यांनी विचारलं, “मग?” बाबा म्हणाले, “मग काय. तिने नाही मारलं. तो माणूस घरी गेला.”

मी गॅस बारीक केला, पुढचं नीट ऐकू यावं म्हणून. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा विषय बदलला होता. नळाला पाणी कमी येतं, याबद्दल दोघं बोलत होते. बाबांनी कप घेतला आणि शेजाऱ्यांना म्हणाले, “साखर चालते ना तुम्हाला? हिच्या हाताला जरा जास्तच पडते.”